ट्रॉली मधेच उलटी फिरते? सेन्सर बदलण्याआधी वायर बघा

शेवटचा थांबा अजून सहा-सात फूट लांब असतो. गाडी छान चाललेली असते. तेवढ्यात पेटीतला रिले (विजेवर चालणारं बटण) खट् करतो आणि ट्रॉली आल्या वाटेनं परत निघते. त्या जागी लोहचुंबक नाही, सेन्सर नाही, काहीच नाही. पुढच्या दहा फेऱ्या बिनबोभाट होतात आणि माणसं बघायला जमली की पुन्हा तेच. हलते देखावे करणारी मंडळं, प्रदर्शनासाठी मॉडेल करणारी शाळेतली पोरं, घरी हौसेनं रूळ मांडणारे, सगळ्यांकडे हा त्रास मी इतक्या वेळा बघितलाय की एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं.

आधी एक खुलासा. निपाणी-चिकोडीकडे ट्रॉली म्हटलं की ट्रॅक्टरमागची उसाची ट्रॉलीच डोळ्यासमोर येते. इथे ट्रॉली म्हणजे डोक्यावरच्या तारेला दांडी टेकवून वीज घेणारी, रुळावरून धावणारी ट्रामची छोटी प्रतिकृती. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. आमच्या वडगावातल्या मंडळानं जुन्या मुंबईचा देखावा करायचं ठरवलं तेव्हा ट्राम हवीच होती. बारा व्होल्टची गियर मोटर, वीस फूट रूळ, वर तांब्याची तार, दोन टोकांना दोन सेन्सर. टोकाला गाडी आली की तिच्या पोटाखालचं लोहचुंबक सेन्सरवर येतं, बोर्डाला (आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम घालता येणारं छोटं सर्किट) खबर जाते, बोर्ड रिले ओढतो, दिशा पालटते. कागदावर यात बिघडण्यासारखं काही नाही. तरी सलग तीन गणपतींत ती मधेच फिरत राहिली.

पहिल्या वर्षी आम्ही सेन्सर बदलले. दुसऱ्या वर्षी बोर्ड बदलला. खर्च झाला, आजार तसाच. हे सांगण्याचं कारण असं की बहुतेक जण हेच करतात. चुकीची खबर सेन्सरच्या वायरीतून आली म्हणून सेन्सरला दोषी धरतात. माझ्या अनुभवात अशा दहातल्या नऊ वेळा सेन्सर चांगला असतो. खबर वाटेत बिघडते.

तिसऱ्या वर्षी माझ्या भाच्यानं एक साधी गोष्ट केली, आणि खरा तपास तिथून सुरू झाला. त्यानं खडू घेतला. गाडी जिथे मधेच फिरेल तिथे फळीवर रेघ मारायची, बाजूला वेळ लिहायची. रात्री साडेदहापर्यंत अकरा रेघा झाल्या. "मामा, बघ की, सगळ्या एकाच जागी आल्यात," तो म्हणाला. सगळ्या नव्हत्या, पण अकरातल्या आठ रेघा एका वीतभर पट्ट्यात होत्या. उरलेल्या तीन कुठेही विखुरलेल्या. मी म्हटलं, थांब, हे दोन वेगळे आजार आहेत, आपण एकच औषध देत बसलोय.

तुम्हीही काहीही उघडण्याआधी हेच करा. एक संध्याकाळ नुसत्या खुणा करा. एकाच जागी रेघा पडल्या तर दोष त्या जागेत आहे, म्हणजे तारेत, रुळात किंवा जोडात. विखुरल्या तर दोष वेळेत आहे, म्हणजे त्या क्षणी बाहेर काहीतरी सुरू किंवा बंद होतं. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. विखुरलेल्या तीन रेघांच्या वेळा आणि शेजारच्या मागाची मोटर सुरू झाल्याच्या वेळा दोनदा तंतोतंत जुळल्या. त्याचं पुढे सांगतो.

आधी त्या आठ रेघा. गाडीची मोटर बंद ठेवून, सेन्सर आणि बोर्ड चालू ठेवून, गाडी हातानं ढकलली. शंभर फेऱ्या केल्या, एकही चुकीची खबर नाही. ही चाचणी फुकट आहे आणि तिच्यासारखी दुसरी नाही. हातानं ढकलताना दोष आला नाही तर गुन्हेगार मोटरच्या करंटच्या वाटेवर आहे. हातानं ढकलतानाही आला तर तो बाहेरून येतोय, किंवा सेन्सरचं इनपुट अर्धवट लोंबकळत आहे.

मग मी घरातला जुना ट्रान्झिस्टर आणला. मिडीयम वेव्हवर लावला, धारवाड आकाशवाणीपासून काटा थोडा बाजूला, जिथे नुसती सूंऽऽ ऐकू येते. असा रेडिओ म्हणजे ठिणगी शोधायचं सगळ्यात स्वस्त यंत्र. गाडी चालू केली आणि रेडिओ फळीच्या कडेनं तिच्याबरोबर नेत गेलो. मोटरची बारीक करकर सगळीकडे होतीच. खडूच्या खुणांपाशी आल्यावर मात्र रेडिओ तड् तड् असा फुटला. मागे आणलं, पुन्हा पुढे नेलं, पुन्हा तड्. वर बघितलं. तार लांबीला कमी पडली म्हणून तिथे दोन तुकडे जोडले होते आणि जोडावर सोल्डरचा गोळा राहिला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. दिवे मालवून बघितल्यावर डोळ्यांनाही दिसलं: दांडीचा बूट, म्हणजे तिचं तारेला टेकणारं टोक, त्या गोळ्यावरून उडी मारत होता आणि प्रत्येक उडीला निळी ठिणगी. भिंगातून पाहिलं तर गोळ्याच्या पलीकडच्या बाजूला तांबं काळं पडून खवल्यासारखं झालं होतं.

ठिणगी म्हणजे करंट एकदम तुटणं आणि एकदम जुळणं. मोटरमधले कार्बन कम्युटेटरवर (आतल्या फिरत्या तांब्याच्या पट्ट्यांवर) हेच अखंड करत असतात, पण छोट्या प्रमाणात. तारेवरची उडी म्हणजे मोटरचा अख्खा करंट एका झटक्यात तुटतो. आता हा झटका सेन्सरच्या वायरीत कसा शिरला ते बघायला हवं, कारण गोळा कानसून काढला की त्रास कमी होतो, जात नाही. पुढच्या वर्षी दुसरा जोड, दुसरा गंज, की पुन्हा तेच.

आमची मांडणी अशी होती. बारा व्होल्टचा सप्लाय मांडवाच्या डाव्या टोकाला, कारण प्लग तिथे होता. बोर्ड आणि रिलेची पेटी उजव्या टोकाला, कारण बसायला जागा तिथे होती. मधे सहा मीटर वायर, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. डाव्या टोकाच्या हॉल सेन्सरला (लोहचुंबक ओळखणारा सेन्सर) सप्लाय तिथल्या तिथेच दिला होता, सप्लायच्या निगेटिव्हवरून. वायर वाचते म्हणून. सेन्सरची फक्त सिग्नलची एक वायर सहा मीटर चालून बोर्डाकडे यायची. बघायला सुटसुटीत. पण नीट विचार करा. मोटरचा सगळा करंट त्याच सहा मीटरच्या निगेटिव्हमधून सप्लायकडे परत जातो. म्हणजे सेन्सरचा शून्य व्होल्ट डाव्या टोकाला आणि बोर्डाचा शून्य व्होल्ट उजव्या टोकाला, आणि दोघांच्या मधोमध मोटरचा रहदारीचा रस्ता.

आकडे घाला म्हणजे पटेल. माळेला वापरतात तसली बारीक वायर, ०.२ चौरस मिलिमीटरची, सहा मीटरला साधारण अर्धा ओहम भरते. मोटर निघताना दीड अँपिअर ओढते. म्हणजे दोन्ही टोकांच्या शून्यात पाऊण व्होल्टचा फरक झाला. तेवढं बोर्ड सहन करतो. पण वायर म्हणजे नुसता रेझिस्टन्स नाही. सरळ वायरीचा इंडक्टन्स मीटरला अंदाजे एक मायक्रोहेन्री धरतात, सहा मीटरला सहा. ठिणगीत अर्धा अँपिअर करंट १०० नॅनोसेकंदांत तुटला तर ६ मायक्रोहेन्री गुणिले ०.५ अँपिअर भागिले १०० नॅनोसेकंद, म्हणजे ३० व्होल्ट. प्रत्यक्षात तेवढा येतोच असं नाही, वायरींची आपापसातली कपॅसिटी तो थोडा दाबते. तरी पाच व्होल्टवर चालणाऱ्या बोर्डापुढे हा आकडा केवढा मोठा आहे बघा. आर्डुइनोवरची एटीमेगा३२८ चिप पाच व्होल्टला दीडच्या खाली शून्य धरते आणि तीनच्या वर एक. बोर्डाची जमीनच, म्हणजे त्याचा शून्य व्होल्ट, क्षणभर तीन-चार व्होल्ट वर उचलली गेली, तर सेन्सरनं काही न सांगताही बोर्डाला सिग्नल खाली पडल्यासारखा दिसतो. सेन्सर खरं बोलत होता. ऐकणारा हलत होता.

त्यात भर म्हणजे पोरानं प्रोग्राममध्ये इंटरप्ट वापरला होता, म्हणजे इनपुट हललं की हातातलं काम सोडून बोर्ड लगेच दखल घेतो. इंटरप्टला मायक्रोसेकंदाचा झटकाही पुरतो. गाडीचं लोहचुंबक सेन्सरसमोर किती वेळ असतं? गाडी सेकंदाला २० सेंटिमीटर आणि चुंबकाचा प्रभाव दीड सेंटिमीटर धरला तर ७५ मिलिसेकंद. खरी खबर ७५ मिलिसेकंदांची आणि खोटी खबर मायक्रोसेकंदांची. एवढा फरक असताना दोघींना एकाच दारानं आत घ्यायचं कारण नाही. दर दोन मिलिसेकंदांनी इनपुट वाचा, सलग पाच वेळा तेच उत्तर आलं तरच खरं धरा. एकदा दिशा पालटली की पुढचे दोन सेकंद त्या सेन्सरकडे बघूच नका. गाडी एवढ्यात परत येणार नसते.

पण प्रोग्रामची दुरुस्ती सगळ्यात शेवटी करा, हे मी आग्रहानं सांगतो. आधी केली तर लक्षण झाकतं आणि तुम्हाला वाटतं काम झालं. मग दहाव्या दिवशी तोच झटका बोर्ड रिसेट करतो आणि तिथे प्रोग्रामचा काही इलाज चालत नाही.

आम्ही केलं ते असं. सप्लाय उचलून पेटीशेजारी आणला. सप्लायच्या निगेटिव्ह पेचापासून दोन वेगळ्या वायरी काढल्या: एक जाड, दीड चौरस मिलिमीटरची, मोटर-रिलेकडे, दुसरी बोर्डाकडे. दोघींची भेट फक्त त्या पेचावर, बाकी कुठेही नाही. सेन्सरला तिकडचा स्थानिक सप्लाय बंद केला आणि पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, सिग्नल तिन्ही पेटीतूनच नेल्या. त्यासाठी नेटवर्कची लॅन केबल घेतली. तिच्यात वायरींच्या जोड्या आधीच पिळलेल्या असतात. एका जोडीत सिग्नल आणि निगेटिव्ह, दुसऱ्या जोडीत पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. सिग्नल आणि पॉझिटिव्ह एका जोडीत घेऊ नका, पिळण्याचा फायदा निघून जातो. पिळलेल्या जोडीत बाहेरचा झटका दोन्ही वायरींवर सारखाच बसतो, आणि बोर्ड बघतो तो दोघींमधला फरक.

खऱ्या ट्रामनंही हाच त्रास दिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत विजेच्या ट्राम निघाल्या तेव्हा टेलिफोनला बहुधा एकच तार असायची आणि परतीची वाट जमिनीतून. ट्रामचा करंटही रुळांतून परतताना जमिनीत पसरायचा, आणि फोनमध्ये घरघर सुरू. शेवटी टेलिफोन कंपन्यांना एका फोनला दोन-दोन तारा द्याव्या लागल्या. आपल्या फळीवर वीस फुटांत तोच पेच पडतो आणि सुटतोही त्याच पद्धतीनं.

वायरिंग झाल्यावर मोटरकडे वळलो. मोटरच्या दोन टर्मिनलांमध्ये एक आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या पत्र्याच्या अंगापर्यंत एकेक, असे तीन सिरॅमिक कंडेन्सर लावायचे. किंमत ०.१ मायक्रोफॅराड, अंगावर १०४ लिहिलेलं असतं. दुकानात कपॅसिटर म्हणा किंवा कंडेन्सर, दोन्ही चालतं. पाय जितके आखूड कापाल तितकं चांगलं. दोन इंच पाय ठेवून लावलेला कंडेन्सर नावापुरता उरतो. पत्र्यावर सोल्डर धरत नसेल तर तिथे पॉलिश पेपरनं खरवडा. पण गाडीत मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सरळ मोटरला समांतर घालू नका. दिशा पालटली की त्याची पोलॅरिटी उलटी होते आणि तो फुगतो, कधी फुटतो. गाडीत आतले दिवे वगैरे असतील तर त्यांना ब्रिज रेक्टिफायर (दिशा कुठलीही असो, एकाच दिशेनं वीज देणारे चार डायोड) देऊन त्याच्या पुढे इलेक्ट्रोलिटिक घाला.

रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) आहे ना, हे बघाच. एक १एन४००७, पांढरी रेघ पॉझिटिव्हकडे. तयार रिले बोर्डावर तो असतो. सुटा रिले घरी बसवलेला असेल तर विसरलेला असू शकतो. कॉइल तुटताना शेकडो व्होल्टचा फटका मारते आणि तो फटका नेमका दिशा पालटतानाच बसतो. टोकाला पोहोचून ट्रॉली दोनदा-तीनदा डुलल्यासारखी मागेपुढे करत असेल तर पहिला संशय इथे.

आता विखुरलेल्या तीन रेघा. या वेळी ट्रॉली फिरायची त्याच क्षणी बोर्डावरचा छोटा दिवा लुकलुकून पुन्हा लागायचा. ती खोटी खबर नव्हती, बोर्ड रिसेट होत होता, आणि आमच्या प्रोग्राममध्ये सुरुवातीची दिशा डावीकडे होती. म्हणून उजवीकडे जाणारी गाडी मधेच फिरल्यासारखी दिसायची आणि डावीकडे जाताना बोर्ड रिसेट झाला तर कुणाला कळायचंही नाही. मागाची मोटर सुरू होताना लाईनचा व्होल्टेज क्षणभर खाली बसतो. दिवे मंद होतात ते आपण रोज बघतो. स्वस्त अ‍ॅडॅप्टर तेवढ्यात दम सोडतो.

यावर इलाज सोपा आणि मला फार आवडणारा. बोर्डाच्या सप्लायच्या वाटेवर एक डायोड घाला आणि त्याच्या पुढे मोठा कपॅसिटर. डायोडमुळे कपॅसिटरमधली शिल्लक मोटरकडे परत पळत नाही, फक्त बोर्डाला मिळते. हिशोब असा: १२ व्होल्टमधून डायोडचे ०.७ गेले. बोर्डाला पाच व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरला नीट चालायला ७ व्होल्ट लागतात. म्हणजे ४.३ व्होल्ट खाली उतरायला मोकळीक आहे. बोर्ड आणि सेन्सर मिळून ५० मिलिअँपिअर घेत असतील तर १००० मायक्रोफॅराड साधारण ८५ मिलिसेकंद पुरतो, २२०० घातला तर १९० च्या आसपास. २५ व्होल्टचा घ्या. ७८०५ च्या पायांपाशी आत-बाहेर एकेक १०४ लावा. रिलेची कॉइल मात्र डायोडच्या अलीकडे, मोटरच्या बाजूला ठेवा. नाहीतर शिल्लक तीच खाऊन टाकते.

काही जण बोर्ड मोबाईलच्या पॉवर बँकेवर टाकून बघतात. कल्पना चांगली, पण बऱ्याच पॉवर बँका एवढा कमी करंट बघून काही सेकंदांनी स्वतःच बंद होतात आणि तपास भलतीकडे जातो. जुन्या यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी आणा. बोर्ड तिच्यावर, मोटर लाईनवर. दोष गेला तर सप्लाय दोषी, राहिला तर वायरिंग.

पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण भाद्रपदात आमच्याकडे मांडवातली प्लायवूड कधी कोरडी नसते. खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका. रीड स्विचचे (चुंबक जवळ आलं की मिटणारा स्विच) पेच ओल्या प्लायवूडमध्ये पिळलेले असले की पेचा-पेचातून करंट झिरपतो. इनपुटला चिपच्या आतला पुल-अपच (इनपुटला पाच व्होल्टकडे धरून ठेवणारा रेझिस्टर) वापरला असेल तर तो २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फारच नाजूक. समजा तो ४० आहे आणि ओल्या फळीचा झिरपा ५० किलोओहमचा. मग इनपुटवर ५ गुणिले ५० भागिले ९०, म्हणजे २.८ व्होल्ट. ना शून्य, ना एक. तिथे पाल चुकचुकली तरी बोर्ड दचकतो. बाहेरून २.२ किलोओहमचा पुल-अप लावला की तोच व्होल्टेज ४.८ वर जातो आणि ओलीचा प्रश्न संपतो. बिघडलेल्यातले निम्मे तरी देखावे एवढा एक रेझिस्टर लावून बरे झालेले मी बघितलेत. लांब वायर असेल तर चिपच्या आतल्या पुल-अपवर विसंबू नका. पेच फळीत न पिळता प्लास्टिकच्या पट्टीवर घ्या.

बोर्डाच्या इनपुटपाशी १० किलोओहम सिरीजमध्ये आणि १०४ निगेटिव्हला, एवढा फिल्टर पुरे. एक मिलिसेकंदाचा वेळ मिळतो, रीड स्विचची थरथरही त्यात बरीचशी विरते. हा फिल्टर सेन्सरपाशी नको, बोर्डापाशीच हवा, कारण झटका वाटेत शिरतो.

चुंबकाऐवजी इन्फ्रारेड सेन्सर असेल तर विजेचा नॉइज, म्हणजे हेच झटके, आणि उजेडाचा नॉइज यांत गल्लत होते. रिसीव्हरवर काळी टेप पूर्ण चिकटवा. तरी खोट्या खबरा आल्या तर वायरिंग बघा. थांबल्या तर मांडवातला फोकस किंवा दुपारचं ऊन बघा. फोकसचा उजेड सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्यांना दिसत नाही, सेन्सरला दिसतो. मला विचाराल तर मांडवात इन्फ्रारेड वापरूच नका. धूप, गुलाल, माणसांच्या सावल्या, कशानंही तो फसतो. चुंबकाला यातलं काही लागत नाही. हॉल सेन्सर ए३१४४ असेल तर छापील बाजूकडे चुंबकाचा दक्षिण ध्रुव आला तरच तो जागा होतो. चुंबक उलटं चिकटवून नॉइज शोधत बसलेली पोरंही मी बघितली आहेत.

ऑप्टोकपलर (आतल्या दिव्याच्या उजेडातून खबर पोहोचवणारी, दोन बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारी चिप) लावावा का, हा प्रश्न हमखास येतो. लावा, विशेषतः वायर दहा मीटरच्या पुढे गेली तर. पीसी८१७ घ्या. १२ व्होल्टवर १.२ किलोओहम लावला की दिव्यातून नऊ मिलिअँपिअर जातात. एवढा करंट बारीकसारीक झटक्यांना दाद देत नाही. पण सेन्सरच्या बाजूचा सप्लाय वेगळा हवा आणि दोन्ही बाजूंचे निगेटिव्ह कुठेही जुळता कामा नयेत. बाजारात मिळणारे छोटे बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारे) निगेटिव्ह आरपार जोडलेलेच ठेवतात. ते वापरून "वेगळा सप्लाय केला" म्हणाल तर ऑप्टोकपलरचा अर्धा फायदा पाण्यात.

मल्टिमीटरनं हे झटके दिसत नाहीत, तो सरासरी दाखवतो. ऑसिलोस्कोप नसेल तर एक १एन४१४८ डायोड आणि त्याच्या पुढे १०४ कंडेन्सर निगेटिव्हला, आणि मीटर त्या कंडेन्सरवर, डीसी व्होल्टवर. डायोडमधून झटका आत जातो, परत येत नाही. मीटरचा १० मेगाओहम आणि ०.१ मायक्रोफॅराड मिळून सेकंदभर आकडा टिकतो. पाच व्होल्टच्या लाईनीवर हा जुगाड लावल्यावर आम्हाला नऊच्या वर आकडा दिसला होता. वायरिंग बदलल्यावर तिथेच साडेचार. खरा झटका मीटर दाखवतो त्याहून मोठा असू शकतो, पण आधी-नंतरची तुलना चोख होते.

एक गोष्ट नॉइजपेक्षा महत्त्वाची. मांडव ओला असतो, लहान मुलं रुळाला हात लावतात. दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरच्या बारा व्होल्टला हात लावला की मुंग्या येतात, तो आतल्या कपॅसिटरमधून येणारा झिरपा. त्यानं माणसाला अपाय सहसा होत नाही, सेन्सरला होतो. पण अ‍ॅडॅप्टर खराब झाला तर २३० व्होल्ट रुळावर येऊ शकतात. म्हणून तीन पिनांचा धातूच्या डब्यातला सप्लाय, खरी अर्थिंग, आणि मांडवाच्या मुख्य लाईनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच). अर्थिंग मिळत नाही म्हणून न्यूट्रललाच अर्थ जोडणारे भेटतात. त्यांना तिथेच अडवा. न्यूट्रल वाटेत तुटला तर गाडी, रूळ, पत्रा सगळं जिवंत होतं. नॉइजसाठी मुलांच्या जिवाशी खेळ नको.

सगळं केल्यावर भाच्याला म्हटलं, खडू ठेवून दे आता. त्यानं ठेवला नाही. पुढच्या वर्षी पहिले सहा दिवस फळी कोरी राहिली. सातव्या दिवशी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी एक रेघ पडली, लगेच दुसरी. दोघं वाकून केबल तपासत गेलो. त्या दुपारी कुणीतरी उत्साहानं २३० व्होल्टची पळती माळ आणून आमच्या लॅन केबललाच प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधली होती, चांगली सात-आठ फूट, चेसरच्या, म्हणजे दिवे पळवणाऱ्या डब्यासकट. माळेतला प्रत्येक टप्पा बदलताना चेसर करंट तोडायचा आणि शेजारच्या केबलीत तो उतरायचा. पट्ट्या कापल्या, माळ दीड फूट वर झालरीला बांधली, आणि जिथे ती केबलीला ओलांडत होती तिथे काटकोनात ओलांडू दिली. भाच्यानं दोन्ही रेघांशेजारी "माळ" असं लिहिलं. विसर्जनाच्या पहाटे फळी सोडवली तेव्हा तिच्यावर तेवढ्या दोनच रेघा होत्या.